कानमुशी

माझ्या रेणूचं नाव ऐकून आय हसली.
"कानमुशी? आन् ती तुझ्या बाटलीत मावली कशी?"
मी म्हटलं, मासा नाही गो, आरएनए.
कागदावर चपटा काढला की तीन दांडे, मधे गाठ,
कुणाला तरी त्यात कानमुशीचं आडवं डोकं दिसलं,
आणि नाव चिकटलं.

आमच्या प्रयोगशाळेतून ससून डॉक दिसत नाही.
दुपारी वारा फिरला की नुसता वास येतो.
बाकीचे खिडकी लावून घेतात.
मी त्या वासावरून सांगू शकते
आज बोंबील जास्त उतरलेत की मांदेली.
सांगत नाही.

इथे घामाला बंदी.
बोटाच्या एका ठशात एवढी विकरं असतात
की माझा महिन्याचा रेणू फस्त करतील,
म्हणून ग्लोव्हजवर ग्लोव्हज, मे महिन्यातसुद्धा.
आय रोज कोपरापर्यंत खवल्यांत, रक्तात, बर्फात.
आणि मी तिची लेक,
स्वतःच्याच कातडीला घाबरून काम करते.

हा रेणू म्हणजे निरोप, असंच शाळेत शिकवलेलं.
एकाने सांगायचं, दुसऱ्याने वाचायचं,
काम करायचं ते प्रथिनांनी.
पण हा निरोपच कोयता निघाला.
वाकतो, स्वतःच्या अंगावर येतो,
आणि सतराव्या अक्षराशी
स्वतःलाच तोडतो.
कुणी हात लावावा लागत नाही,
थोडं मॅग्नेशियम लागतं फक्त.
"म्हंजे मीठच की," आय म्हणाली.
हो, तसं मीठच.

मी घेतलेला तुकडा कालवाच्या जीनोममधला.
दस्तूर मॅडम म्हणाल्या, कामापुरतं ठेव.
मी ठेवलं. टोकाचे दोन वेढे छाटले,
गाभ्यापासून लांब होते, बिनकामाचे वाटले.
उरला तो इतका सुबक की स्लाइडवर शोभावा.
आणि मग तो कापेचना.
म्हणजे कापायचा, मीठ ओतलं की, रडतखडत,
पण पेशीत असतं तेवढ्याच मिठात
तासभर नुसता बसून.
गायगर काउंटर टिकटिकत राहायचा,
जेलवर एकच पट्टी,
जिथे दोन हव्या होत्या.
चार महिने.

त्या रविवारी मी घरी रावस साफ करायला बसले,
डोकं उडवून बाजूला सारलं,
आय म्हणाली, "डोकं कनाला टाकतंस गो?
कालवणाला चव कुठून येल?"
एवढंच. ती तिच्या कालवणाबद्दल बोलत होती.

छाटलेले वेढे लांबून एकमेकांना टेकतात
आणि त्या टेकण्याने गाभा ताठ उभा राहतो,
हे जगाला केव्हाचं माहीत आहे.
मीही वाचलं होतं, पिवळ्या शाईने खूणही केली होती.
वाचलेलं हातात उतरायला मात्र
रावसाचं डोकं लागलं.

पुन्हा सगळा लांबच्या लांब बनवला, वेढ्यांसकट,
गबाळा, स्लाइडवर न मावणारा.
पेशीएवढंच मीठ.
पहिल्या मिनिटाचा नमुना काढेपर्यंत
अर्ध्याहून जास्त तुटलेला होता.
रात्री दीड वाजता पडद्यावर दोन पट्ट्या,
काळ्या, स्वच्छ, जणू कुणी एका घावात
शेपूट वेगळं केलेलं.
मजल्यावर रखवालदार चौगुलेकाका सोडून कुणी नव्हतं,
त्यांनाच दाखवलं.
"बरं झालं ना?" त्यांनी विचारलं.
बरंच झालं.

सकाळी फोनवर आयला सांगितलं.
पाठीमागे लिलावाची बोली चालू होती,
मला दोनदा ओरडून सांगावं लागलं.
"मंग कापून झाल्यावर काय करतं तुजी कानमुशी?"
मी गप्प.
कापून झाल्यावर दोन तुकडे उरतात,
त्यातल्या एकालाही कानमुशी म्हणता येत नाही.
"बघते," म्हटलं.

फोन ठेवताना ग्लोव्हज काढले.
रात्रभराच्या घामाने बोटं पांढरी, सुरकुतलेली,
बर्फातून काढल्यासारखी.
ही बोटं मी आधी कुठे पाहिली आहेत,
ते आठवायची गरज नव्हती.